आधी गुडघा, मग हात

कारुताची, म्हणजे कविता वाचली जाताच तिचा पत्ता समोरच्याआधी उडवायच्या जपानी खेळाची, स्पर्धा आटोपून दोन मुली ओत्सू स्टेशनच्या फलाटावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. अंगात अजून खेळताना घालायचे घोळदार हाकामाच होते.

"शेवटी दोनच पत्ते उरले होते गं. वाचणाऱ्यानं कवितेचं पहिलं अक्षर 'सु' म्हटलं, मी हात टाकला, तर पत्ता केव्हाच उडालेला!"

"एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीकडून हरलीस, चिनात्सु."

"म्हातारी काय म्हणतेस? आपल्या बाई आहेत त्या. तू बस ना एकदा समोर!"

"पण कुराता बाईंना 'स' ऐकूच येत नाही ना आता?"

"म्हणून तर विचारलं, बाई, ऐकलंत कसं?"

"मग?"

"म्हणाल्या, ऐकलंस तू. तुझा उजवा गुडघा चटईत रुतला, कुठल्या बाजूला झुकला तेसुद्धा माझ्या गुडघ्याला कळलं."

"काहीतरीच!"

"शप्पथ! आणि वाकून नमस्कार करून शांतपणे पत्ते आवरायला लागल्या."

"मग पुढच्या वेळी गुडघा दाबूच नकोस."

"मग हात झेपावणार कसा? पहिल्या दिवसापासून बाईंनी तेच घोटून घेतलंय आपल्याकडून. आधी गुडघा, मग हात."

"पण माझी आई त्यांच्याच हाताखाली शिकली. ती नाही दाबत गुडघा. तिला असलं काही शिकवलंच नव्हतं."

"आई कधी शिकली तुझी?"

"झाली की वीस वर्षं. बाईंचे कान तेव्हा चांगले होते."

गाडी आली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.