कड्यावरच्या चित्रातली होडी

जबाब देणार: बार्बा मालगोर्न, वय ४३, धंदा: शेती व मेंढ्या राखणे, राहणार: उशाँ बेट, ब्रिटनी.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहते. माझा नवरा गुलव्हेन मासेमारी करायचा. पॅरिसचे चित्रकार लेओन व्हासर उन्हाळ्यापासून आमच्या माडीवर भाड्याने राहतात. त्यांचे चित्र मी कात्रीने कापले ही त्यांची तक्रार खरी आहे. मी नाकारत नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते कड्यावर चित्र काढत होते. मी त्यांना पाव द्यायला गेले. धुके विरत होते, पाणी जांभळे दिसत होते. ते ओरडले, "बाई, बाजूला व्हा, उजेड पळतोय!" मी म्हटले, "पळू द्या की. उद्या येईल परत." ते म्हणाले, "हा नाही येत." तेवढ्यात गुलव्हेनची होडी खडकांबाहेर पडली. त्यांनी तांबड्या रंगाचा एक फटकारा मारला. मला हसू आले. "अहो, शीड तरी नीट काढा! ही काय खेकड्याची नांगी?"

दुपारी वारा फिरला. होडीची फळी सापडली, माणूस सापडला नाही.

समुद्राने ठेवून घेतलेल्याचा आमच्यात प्रेताऐवजी मेणाचा क्रूस करतात. रात्रभर त्याच्याजवळ बसायचे आणि सकाळी पेटीत घालून पुरायचा. मी बसले, पण मेलं रडूच फुटेना. शेजारणीच्या मुलाचा क्रूसही अगदी असाच होता. मग माडीवर गेले, होडीपुरता तुकडा कापला आणि पेटीत क्रूसाखाली ठेवला. तेव्हा कुठे रडले.

सकाळी व्हासरसाहेब डोके धरून बसले. म्हणाले, "सगळ्या चित्राचा जीव होता तो! आणि होडी कसली, नुसता उजेड होता." मी म्हटले, "तुमचा उजेड असेल. माझा नवरा होता." ते वाईट नाहीत. पण तुकडा परत जोडायचा म्हणून त्यांना पुरलेली पेटी उघडून हवी आहे.

क्रूस माझा माणूस गेल्यावर केला. हा फटकारा मारला तेव्हा तो जिवंत होता. हवालदारसाहेब, मला कोंडा, पण पेटी उघडू नका.

जबाब वाचून दाखवला. लिहिणाऱ्याने 'रंगाचा डाग' लिहिले होते, ते खोडून 'होडी' करायला लावले. आता बरोबर आहे.