जिंकेल त्यानं झाडायचं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय कृष्णकांत देशकर सर, प्रमुख पाहुण्या आणि मायाच्या कार्यालयातल्या तिच्या वरिष्ठ आदरणीय तारा मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, समोर बसलेल्या मायाच्या आई इंदूबाई, प्राध्यापक मंडळी, आजी-माजी खेळाडू, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती माया गजभिये, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'टेनिसच्या गाढ्या अभ्यासक' अशी करून दिली. ऐकायला बरं वाटलं, पण तसं काही नाही. मी इथे शारीरिक शिक्षण विभागात होते, शिट्टी वाजवत होते आणि पोरांवर ओरडत होते. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे घरच्यांवर ओरडते. तेव्हा माझ्याकडून अभ्यासपूर्ण काही ऐकायला मिळेल ही आशा आधीच सोडून द्या.

इंदूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर मायाच्या वडिलांचं, म्हणजे धम्मदीपजींचं नाव चिकटवलेलं आहे. आत येताना मी ऐकलं, मागे कुजबुज चालू होती. "बाप नाही आला, म्हणजे अजून रागातच आहे." नागपूरकरांना दुसऱ्याच्या घरातलं फार लवकर कळतं. पण यावेळी थोडं चुकलं आहे. त्या खुर्चीबद्दल मी सांगणार आहे, जरा धीर धरा.

माया कोराडीच्या कॉलनीत वाढली. वडील वीज केंद्रात बॉयलरवर होते. कॉलनीच्या क्लबात एक टेनिस कोर्ट होतं, त्यावर रोज वीज केंद्राच्या राखेचा थर बसायचा. खेळायचं तर आधी झाडावं लागायचं आणि खेळून झालं की दुसऱ्यांसाठी पुन्हा झाडून ठेवावं लागायचं. धम्मदीपजींना खेळाचा नाद होता. लेकीला त्यांनीच शिकवलं, आणि पहिल्या दिवशीच नियम घालून दिला, की जो जिंकेल त्यानं झाडायचं.

ही माया आमच्या महाविद्यालयात आली आणि पहिलाच सामना जिंकून झाडू शोधायला लागली. मी म्हटलं, अगं, जिंकलेल्यानं आराम करायचा असतो, हे काम हरलेल्याला देतात. तर मला म्हणाली, "नाही ताई. आमचे बाबा म्हणतात, हारलेल्याले घरी जाऊ द्याव. त्याले आधीच जड झालं असते." मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पदव्युत्तर शिक्षण घेतलं. हे मात्र कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. पुढे आमच्या सगळ्या संघानं तो नियम उचलला. आजही आमच्या कोर्टावर कोण जिंकलं हे विचारायची गरज पडत नाही. झाडू कोणाच्या हातात आहे ते बघायचं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा झाल्या, पदकं आली, खेळाडूंच्या कोट्यातून कायम नोकरी लागली. आपल्याकडे गोष्ट इथे संपते. फोटो काढतात, पेढे वाटतात आणि रॅकेट माळ्यावर जाते. मायानं ती माळ्यावर टाकली नाही. रजा घेऊन ती व्यावसायिक स्पर्धा खेळायला लागली. व्यावसायिक म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं टेनिस आठवतं. तसं नसतं हो. अगदी खालच्या पायरीवर स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, सराव करायला समोर कोणी मिळतं का ते शोधायचं, आणि प्रेक्षकांत बहुतेक वेळा समोरच्या मुलीची आई बसलेली असते. जगभरातल्या कॉलेजांतून निघालेली कितीतरी पोरं या पायरीवर उभी आहेत. बरीचशी तिथूनच परत जातात. माया वर जाईलच असं मी तिला कधी सांगितलेलं नाही, आजही सांगत नाही.

ट्युनिशियात ती पहिल्यांदा परदेशी सामना जिंकली. जिंकल्यावर तिनं काय केलं असेल? बरोबर. झाडू शोधला. कोर्ट सिमेंटचं, चकचकीत, झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं. पण हाताला सवय. स्टँड साफ करणाऱ्या बाईंकडून झाडू मागून आणला आणि लागली झाडायला. समोरची मुलगी हाना, अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळलेली, नुकतीच हरलेली, टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसलेली. तिनं टॉवेल काढून बघितलं तर ही तिच्यासमोर झाडू मारते आहे. तिला वाटलं, ही माझी टर उडवते, मला झाडून काढलं असं दाखवते. तिनं सरळ तक्रार केली.

दुपारी मला फोन. "ताई, मले स्पर्धेच्या हापिसात बोलावलं." मी विचारलं, "काहून वं, काय केलं?" "झाडू मारला." "झाडू काहून मारला?" "जितली म्हणून." मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

मायानं आपल्या इंग्रजीत तिथल्या लोकांना वडिलांचा नियम समजावून सांगितला. हाना ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मायाचा पुढचा सामना होता, तो माया हरली. बॅग भरून वर बघते तर हाना त्या बाईंचा झाडू घेऊन उभी. म्हणाली, तू जा, आज मी झाडते. तिथून दोघींची जोडी जमली. मायाच्या रजा होत्या तोवर दोघी दुहेरीत खेळल्या, एका स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेल्या. आता हानानं विचारलं आहे, की पूर्ण वर्ष माझ्याबरोबर खेळतेस का. नाही म्हणालीस तर मी दुसरी जोडीदार बघते, मलाही खेळायला फार वर्षं उरलेली नाहीत, असंही ती म्हणाली.

इथे रजेचा प्रश्न आला. तारा मॅडमनी फाइल स्वतः वरपर्यंत नेली, हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते. पण सलग वर्षभराची रजा नियमात बसत नाही. नियम आहे, त्यावर रागावून उपयोग नाही. मायानं राजीनामा लिहिला आणि वडिलांपुढे ठेवला. त्यांची सही लागत नव्हती. तरी तिनं ठेवला, आणि बाबा हो म्हणेपर्यंत देणार नाही म्हणाली.

मला सगळ्यांनी सांगितलं, शोभाताई, तुम्ही समजावा. कोणाला समजावायचं हे कोणी सांगितलं नाही. मी कोराडीला गेले. इंदूबाईंनी चहा दिला. धम्मदीपजी शांतपणे म्हणाले, "ताई, मी जलमभर बॉयलरपाशी उभा राहिलो. माही पोरगी पंख्याखाली बसते. तिले तिथून उठवू नका." जो माणूस आयुष्यभर त्या धगीत उभा राहिला, त्याला पंख्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. चहा पिऊन परत आले. त्यानंतर बापलेकीचं घरात बोलणं जवळजवळ बंदच झालं. तुम्ही आजच्या निरोपाची पत्रिका छापलीत तेव्हा राजीनामा टेबलावरच पडून होता, हे अध्यक्ष महोदयांनाही आत्ताच कळतं आहे. क्षमा असावी, सर.

आज सकाळी माया कोराडीच्या त्या जुन्या कोर्टावर सरावाला गेली. आमचा सध्याचा कर्णधार प्रशिक तिच्याशी खेळायला आला होता. मीही होते. सेट सुरू झाल्यावर धम्मदीपजी आले. कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि जाळीच्या खांबापाशी उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे स्वतः झाडणार, म्हणजे जिंकलो मीच असं दाखवून आपला नकार सांगणार. माया जिंकली. तिनं हात पुढे केला.

"बाबा, द्या न. ते माहं काम आहे."

ते झाडू धरूनच उभे. म्हणाले, "प्रशिक हारला ते दिसलं मले. अजून एक जण हारला."

"कोण?"

"आहे एक घरातला. पंधरा दिवस झगडून राहिला तुह्याशी." मग त्यांनी झाडू तिच्या हातात दिला. "तू जितली वं. घे. झाड."

माया म्हणाली, "बाबा, संध्याकाळी कार्यक्रम आहे, तुम्ही येता न?"

ते म्हणाले, "हारलेल्याले घरी जाऊ द्याव लागते."

आणि गेले. मायानं पूर्ण कोर्ट झाडलं, रडत झाडलं. ती रडली हे मी सांगितलेलं तिला आवडणार नाही, पण मीही रडले, तेव्हा फिटंफाट. राजीनामा दुपारी तारा मॅडमकडे पोहोचला.

ही त्या खुर्चीची हकीकत. तो माणूस रागावून घरी बसलेला नाही. स्वतःच घातलेला नियम पाळून बसला आहे. मघाशी दारात मी इंदूबाईंना विचारलं, ते काय करताहेत, तर म्हणाल्या, "तिच्या बॅगेचं चाक निघालं होतं, ते बसवून राहिले."

मला बोलायची संधी दिलीत, माझं लांबलेलं बोलणं चहा थंड होईपर्यंत ऐकलंत, याबद्दल प्राचार्यांचे, तारा मॅडमचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरातल्या गोष्टी चारचौघांत बोलले, कोणाचा मान राहून गेला असेल, तर निवृत्त बाई म्हणून सांभाळून घ्या.

माया, तुला निरोप देताना उपदेश करणार नाही. एवढंच सांगते, की सभागृह रिकामं झाल्यावर लगेच निघू नकोस. झाडू स्टेजमागे ठेवायला सांगितला आहे. झाडून झालं की घरी जा, बाबा जागे असतील.