कडेचा टवका

घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या मास्तरीणबाई सराफाकडे थांबल्या होत्या. शेजारी साठीतलं एक जोडपं अंगठी घेऊन बसलं होतं. बाईंची नजर भिंतीवर होती, कान मात्र शेजारी. सराफाने भिंग खाली ठेवलं.

"हिरा जुना आहे. पैलू हाताने पाडलेत, म्हणून जरा वाकडेतिकडे. पण कडेला टवका उडालाय."

"आईचा हिरा आहे. फार जपून वापरायची हो ती."

"जपून? बोलताना टेबलावर हात आपटायच्या सासूबाई!"

"फक्त तुझ्याशी बोलताना."

"म्हणजे टवका माझ्यामुळेच!"

"पैलू पुन्हा पाडले तर टवका जाईल ताई, पण हिरा लहान होईल."

"अजिबात नको. तीस वर्षं भांडलोय आम्ही दोघी. तेवढी खूण राहू दे."

"मग उघड्या काट्यांत बसवू नका. बंद कोंदण करू, म्हणजे भोवती सोन्याची भिंत."

"चमक कमी दिसेल ना पण?"

"थोडीशी, काका. पण आपटलं तरी धक्का सोन्याला बसेल. रोज घालणार कोण?"

"मीच."

"मग भिंत चांगली जाड करा हो. पुढच्या महिन्यात हिला सून येतेय."