शेपटीची पसंती

...आणि वर मलाच सांगतो, 'जरा दम धर, एकच पान राहिलंय.' एकच पान म्हणे! तुम्हाला सांगते, मी मांजर आहे म्हणून ऐकून घेते, दुसरं कोणी असतं तर एव्हाना चावलं असतं. आमचा धनी कादंबरी लिहितो. रोज सकाळी एक पान खरडून झालं की स्वयंपाकघरात येतो, ओट्यावर माशाचा डबा उघडा ठेवतो, वास घरभर, आणि माझ्यापुढे खुर्ची ओढून वाचायला बसतो. आधी पान, मग मासा. नियम कोणी केला? त्यानंच. आणि वाटी? रिकामी.

आता भुकेल्या पोटी कोणाला राग येणार नाही? मला आला की माझी शेपूट फरशीवर आपटते, फटाफट. कुठल्याही मांजरीला विचारा, याचा अर्थ 'बस कर मेल्या'. पण हा हरखून जातो. 'बघितलंस, शेपूट हलवली, तिला आवडलं.' त्याची बायको भाजी निवडता निवडता म्हणते, 'अहो, चिडलीय ती. कुत्रा नव्हे ती.' तर हा म्हणतो, 'तुला साहित्यातलं काय कळतं?' लहानपणी याच्याकडे कुत्रा होता हो, शेपटीबद्दल तेवढंच शिकलाय.

झालं. जे ऐकून मी शेपूट जोरात आपटली, तसलंच हा जास्त लिहायला लागला. नायक खिडकीशी उभा राहिला. सव्वीस पानं झाली, मेला अजून खिडकीशीच. बाहेर काय दिसतं? धुकं. धुक्यात काय दिसतं? त्याचं मन. आणि मला काय दिसतं? ओट्यावरचा डबा. वाटी? रिकामी.

परवा मी डोकं चालवलं. म्हटलं, शेपूटच हलली नाही तर कंटाळून वाचायचं सोडेल. बसले शेपटीवर, अख्खी बुडाखाली दाबून. नाकावर मुंगी चढली तरी हलले नाही. त्यानं पान संपवलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं... चेहरा असा उतरला की मलाही जराशी कीव आली. मग उठला आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पानं टराटरा फाडली. नायक गेला, खिडकी गेली, धुकं गेलं. मनात म्हटलं, सुटले गं बाई, आता मासा.

तर हा माझ्यासमोर फरशीवर फतकल मारून बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, 'तूच एक खरं सांगितलंस. आता पहिल्यापासून लिहितो. आणि नाहीच आवडलं, तर तेच पान पुन्हा वाचेन, तुला आवडेपर्यंत.'

बायको म्हणाली, 'अहो, आधी मासा तरी द्या तिला.'

'आधी पान,' हा म्हणाला.

आज नवं पहिलं पान आलं. नायक आता दाराशी उभा आहे. माझी वाटी रिकामी आहे. आणि मी शेपूट आपटतेय, चांगली जोरजोरात. रागानं नाही हो... पोटासाठी.