माळा आमचा, खोली तुमची

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… प्लॉट इकायचा न्हाई बाबा आमाला…

कोण?… तुका?… चांदे गावची? आपली तुका?

न्हाई न्हाई, ठेवू नगं. नंबर नवा दिसला म्हणून तसं म्हणलं. आवाज वळखला की. तीन वर्सं बोलली न्हाईस म्हणून धाकल्या जावेचा आवाज इसरंन व्हय ही गोजरा?

बरी हाय. गुडघे सोडले तर समदं बरं हाय… हे बी बरे हायेत, मळ्याकडं गेल्यात… भावजी कसे हायेत?… हां… हां…

बोल की मंग. आडून आडून कशाला बोलतीस… काय पायजे?

घंगाळ?

… व्हय, कळलं मला. तुज्या स्नेहलची हळद रविवारी हाय. समद्या नेरे गावाला कळलंय… अगं, ते का मला सांगतीस? आपल्या घरातल्या समद्या पोरींना हळदीचं पाणी त्याच घंगाळातनं पडलंय… देते की. न्हाई कोण म्हणलं? वाटणीत चिठ्ठ्या टाकल्या अन् घंगाळाची माज्या नावाची निघाली, म्हणून का मी एकटीच त्यात आंघोळी करत बसलीया?

फकस्त… जरा थांब. कुटं ठेवलंय ते आठवू दे.

हसू नगं. नवं घर भायेरनं मोठं दिसतंय, आत येऊन बघ. माज्या राजूनं वर बारा खोल्या काढल्या, बाराच्या बारा भाड्यानं दिल्या. आमाला खालच्या तीन. त्यात सूनबाईनं सैपाकघरात ट्रॉल्या बसवल्यात. एकेक चमचा वायला निजवून ठेवती सोनिया. घंगाळ कुटं निजवू?… पलंगात वाकळा भरल्यात. पलंगाखाली तिच्या बॅगा. जिन्याखाली पाटा-वरवंटा, त्याच्यावर राजूची फटफटी टेकलीया…

मंग काय केलं म्हंजी… अगं ऐक ना. वरच्या खोल्यांना माळे हायेत का न्हाई? खोली देतानाच सांगते मी. माळा आमचा, खोली तुमची. पटत आसंल तर ऱ्हावा… न्हाई गं, कोण भांडतंय? कंपनीतली पोरं ती. एक गादी अन् एक बॅग. त्यांच्याकडं माळ्यावर टाकायला असतंय काय?

तर पाळणा हाय चार नंबरात. मुसळ सहात. लग्नातले पाट… आन् घंगाळ कुटं बरं…

लिहून? मला लिवता येतंय व्हय? भाडेकरूवरनं ध्यानात ठेवते मी. चष्मेवाल्याकडं पाळणा, गिटारवाल्याकडं पाट, असं. तर गेल्या म्हैन्यात चष्मेवाला गेला सोडून, गिटारवाला त्याच्या खोलीत गेला, गिटारवाल्याच्या खोलीत तिसराच आला. माजी समदी वही फाटली.

थांब, जिना चढते. ठेवू नगं हां… हं… आई गं… हं… एक मिनिट.

ए अमोघ. दार उघड की बाळा… वर माळ्यावर बघ बरं, तांब्याचं काय हाय का… मोठं, दोन कड्यांचं… ती परात. परात न्हाई रं. अन् तिच्यात काय भरलंय?… बुटं? परातीत बुटं ठेवलीस व्हय? काढ आदी… तुका, ऐकलंस का? आपली पुरणाची परात. त्यात पोरानं बुटं ठेवल्यात… व्हय, धुते. चांगली दोनदा धुते.

आता ह्याला इचारते… भैया. ओ भैया. जरा ऊपर देखो, हमारा घंगाळ है क्या… घंगाळ… अरे वो, आंघोळ का… नहाने का… नहीं नहीं, गीजर ठीक है… जाने दो. सो जाओ.

रातपाळी असती त्याची. उगंच उठवलं बिचाऱ्याला. चांगला हाय, दिवाळीला पेढं आणतो गावाकडनं.

न्हाई, मोडीत कशी दीन? काय बोलतीस… हाय, हितंच हाय कुटंतरी. बाकीच्या खोल्यांना कुलपं हायेत, ही शेवटची ऱ्हायली. तितं अपेक्षा ऱ्हाती, साताऱ्याकडची हाय. थांब… दार लोटलेलंच हाय…

… (आवाज बारीक करते गं, तिची मिटिंग चालू हाय.)

सापडलं. तुका, सापडलं… व्हय, तेच… पन त्याला उपडं घातलंय. वर लॅपटॉप ठेवलाय अन् पुढ्यात मांडी घालून सायबाशी इंग्रजीत बोलतीया. टेबल केलंय बाईनं घंगाळाचं… कसं काढू? सायेब पडंल की खाली… बोटं दाखवतीया मला. धा. धा मिनिटं थांबा म्हणती.

बसते हितं जिन्यावर. तुला घाई न्हाई ना?… मंग बोल.

… तुका, एक सांगू का? हे घंगाळ नेलंस का परत आणू नगं. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे… मनापास्नं म्हणते. वाटणीच्या दिशी तू तोंड फिरवून गेलीस, तवा लई राग आला हुता मला. म्हणलं, शेत निम्मं झालं, भांडी निम्मी झाली, अन् एका घंगाळापायी ही बाय थोरल्या जावेला टाकून निघाली. मंग मी बी हट्टाला पेटले. आपणहून फोन म्हणून केला न्हाई. पन माज्याकडं येऊन त्यात थेंबभर पाणी पडलं न्हाई बघ. तू ने. माजं मन हलकं हुईल.

… काय?… नगं?

नगं म्हंजी?… जागा न्हाई? दोन बेडरूमा हायेत की तुमच्या… हां… बाल्कनीत वॉशिंग मशीन… माळ्यावर गणपतीची मखर… पलंगात गाद्या, हां… अन् लिफ्टखाली सेक्रेटरी ठेवू देत न्हाई…

अगं तुका. ज्याच्यापायी तीन वर्सं माजं तोंड बघितलं न्हाईस, ते ठेवायला तुज्याकडं जागा न्हाई? माज्याकडं बी न्हाई, म्हणून परक्याच्या पोरीनं त्यावर हापीस थाटलंय. कशापायी भांडलो गं आपण?

हस. मी बी हसतीया… आता पुरं, पोटात दुखाय लागलं… आगं ती पोरगी आतनं हात जोडतीया मला. गप, गप.

… व्हय. हाय की ध्यानात. तुजी हळद उतरवली तवा पैला तांब्या मीच वतला हुता तुज्या डोस्क्यावर. माघातली थंडी, पाणी गार, अन् तू अशी वरडलीस का सासूबाई म्हणल्या, ही काय नांदायची न्हाई… नांदलीस की. चांगली नांदलीस.

… बरं, मंग रविवारी सकाळी राजू आणून दील घंगाळ. चिंच-मीठ लावून लख्ख करून देते… मी? माजं काय?

मी कशी येईन गं…

न्हाई, राग न्हाई. गुडघ्याचं बी न्हाई. बोलावल्याबिगर कशी येईन? भावकीत घरटी पत्रिका गेली, दूधवाल्याला गेली, माज्याच दारात आली न्हाई. पंधरा दिस झालं, गेट वाजलं का मी भायेर येऊन बघते. कुणी न्हाई… बोलू दे मला. हळदीचं पैलं पाणी थोरली चुलती वतती, आपल्यात तशीच रीत हाय. मी जित्ती असताना दुसऱ्या कुणी वतायचं? लई लागलं मला, तुका. लई.

… न्हाई, फोनवर नगं बोलावू. फोनवर गॅसची टाकी बोलवत्यात, माणूस न्हाई. कुंकू लावून बोलवत्यात, ते का तुला शिकवायला पायजे?

… काय म्हणलीस?

… खाली? कुटं खाली?

थांब, उठू दे मला… कठडा धरते…

अगं बाई. तूच हायेस का ती, पिंपरणीच्या झाडाखाली? कवापास्नं उभी हायेस?… फोन लावल्यापास्नं? अन् आत यायला काय धाड भरली हुती तुला?… भ्या वाटलं? माजं? माज्यात भ्यायसारखं काय हाय गं, दोन गुडघे नुसते… पिशवीत काय, पत्रिका? अन् करंडा बी आणलास…

न्हाई, आत नगं येऊ. तितंच थांब. थोरली मी हाय, यायला मीच पायजे हुतं. कवाच यायला पायजे हुतं.

… झाली का गं मिटिंग, अपेक्षा? आण हिकडं… न्हाई, तू नगं धरू, मीच नेते.

तुका, रडू नगं, भाडेकरू बघत्यात… मी कुटं रडतीया? जिना उतरतीया, म्हणून आवाज हालतोय… बरं, रडतीया. ठेव आता फोन. घंगाळाला दोन हात लागत्यात.