बेडकाच्या फुप्फुसातला माझा जंत

...आणि नाव लागलं कुणाचं? आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांच्या सासऱ्यांचं! तुम्हाला सांगतो, त्या गृहस्थांनी जन्मात बेडकाला बोट लावलेलं नाही, पाल दिसली तरी सोफ्यावर चढतात, आणि जंत त्यांच्या नावावर! अहो, पण शोधला कुणी? मी! सव्वीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये मी मुलांना बेडूक कापून देतोय, आत जंत निघाला की मुलं किंचाळतात आणि मी तो चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकतोय... तर एक दिवस फुप्फुसातून निघाला वेगळाच! पाठीवर तीन काळे ठिपके, ऐटबाज! सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढीचनात. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, हा नवीन आहे! आजवर कुणी पाहिलेला नाही! याला तुमचंच नाव द्यायचं!"

आता सांगा, माणूस हुरळणार नाही? आमच्या घराण्यातलं एकच नाव आजवर छापून आलंय, आजोबांचं, तेही हरवले होते म्हणून! मी शेजारी सांगितलं, मेहुण्याला तर मुद्दाम फोन केला. बायको म्हणाली, "अगं बाई, जंताला? एखादं फुलपाखरू नव्हतं?" म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं!

वर्षानं सरांचा लेख छापून आला. बघतो तर सासरे! तडक सरांकडे गेलो. म्हटलं, शोधला कुणी? सर चष्मा पुसत म्हणतात, "तुम्हीच हो. पण बाटलीतलं लेबल कोरं निघालं. मला वाटलं, तुम्हीच मोठ्या मनानं नाव सोडलंत..." मोठ्या मनानं?! अहो, शब्द दिला होतात ना? तर म्हणे, "दिला होता. पण छापायला नोंद लागते."

आणि इथे मी आल्या पावली परत फिरलो! कारण सव्वीस वर्षं मीच मुलांच्या कानीकपाळी ओरडतोय, "लेबल पेन्सिलनंच लिहा रे, स्पिरिटमध्ये शाई विरघळते!" आणि स्वतःचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा... लेकीनं वाढदिवसाला दिलेलं शाईचं पेन काढलं! वळणदार अक्षरात! सरांनी दगा दिला तो दिलाच, पण माझ्या हातानंही दिला हो! जीव तुटतो नुसता.

काल मेहुण्याचा फोन आला. बायकोनं उचलला आणि आतूनच हाक मारली, "अहो जंतराव, तुमचा फोन!"

आणि तुम्हाला सांगतो... मी 'आलो' म्हणून उठलोसुद्धा!