साध्या पाण्याची फवारणी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा लवकर सुटली अन् शब्दही साधेच येतात.

हरभऱ्यावर फवारायचं होतं. एका टाकीत किती रान भिजतं ते कळावं म्हणून पाठीवरच्या पंपात नुसतं पाणी भरून मी रिकाम्या वावरात एका चालीनं फवारून राहिलो होतो. तेवढ्यात बांधावर भोकरचे पाहुणे, मुलीसकट! मला पाहायला एक दिवस आधीच आले.

"पोरगं मातीला औषध मारून राहिलं का?" मुलीच्या मामानं विचारलं.

लाजून मी फवारत फवारतच पळत सुटलो.

"डोकं बरं न्हाई याचं. चला माघारी," मामा म्हणाले.

मी काही थांबलो नाही. तेवढ्यात मुलगीच ओरडली, "अहो, पळू नका! पळाल्यावर पाणी कमी पडतं, माप चुकंल तुमचं!"

"तुला काय ठाऊक गं?"

"घरची फवारणी कोण करतंय मामा, तुम्ही?"

मामा हसले अन् चहाला थांबले. जाताना माझा नंबरही घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा साधं पाणी भरलं, तेवढ्यात तिचाच फोन आला, तो स्पीकरवर लावून खिशात ठेवला. ती "हळू, अजून हळू" म्हणत गेली अन् मी चालत गेलो. टाकी संपली, पण माप घ्यायचं राहूनच गेलं.